फवारणीचा पंप आणि सातबारा



२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर मृत्युमुखी पडले. शेकडो जणांना रुग्णालयात दाखल व्हावे लागले. त्या वर्षी कपाशी माणसाच्या उंचीच्याही वर गेली होती. फवारणारा नळी डोक्यावर धरून चालत होता आणि विषाचा तुषार त्याच्याच तोंडावर, छातीवर उतरत होता. दोन-तीन औषधांचे मिश्रण, वेगवान पंप आणि दमट उकाडा यांची त्यात भर पडली. चर्चा झाली ती प्रामुख्याने पाठीवर पंप घेणाऱ्या पुरुषाची. बांधावर पिंपात औषध कालवणारी, त्याचे भिजलेले कपडे संध्याकाळी हाताने धुणारी आणि पुढे त्याच झाडांतून कापूस वेचणारी स्त्री त्या चर्चेत फारशी आलीच नाही.

तोंडाला रुमाल बांधला की काम भागले, हा समज घातक आहे. ही विषे त्वचेतूनही शरीरात जातात. औषध सर्वांत तीव्र असते ते पाण्यात मिसळण्यापूर्वी. म्हणजे खरा धोका कालवणाऱ्या हातांना. तेव्हा घरात हातमोज्यांचा एकच जोड असेल, तर तो आधी त्या हातांत असावा. कालवायला काठी वापरावी. अडकलेले तोटीचे छिद्र फुंकून मोकळे करण्याची सवय सोडावी. वारा पाठीशी ठेवावा, भर उन्हात फवारू नये आणि रिकामा डबा पाण्यासाठी किंवा धान्यासाठी घरात आणू नये. गर्भवती व अंगावर पाजणाऱ्या मातेला या कामापासून पूर्णपणे दूर ठेवावे; यात तडजोड नाही.

डब्यावरील तिरप्या चौकोनाचा खालचा त्रिकोण पाहण्यास साक्षरतेचीही गरज नाही. लाल म्हणजे सर्वाधिक विषारी, त्यानंतर पिवळा, निळा आणि हिरवा. चक्कर, मळमळ, डोळ्यांची जळजळ जाणवताच कपडे उतरवून अंग साबणाने धुवावे आणि रुग्णासोबत औषधाचा डबा व त्यातील माहितीपत्रकही दवाखान्यात न्यावे. विष कोणते हे कळले तर उतारा देण्यास डॉक्टरांचा वेळ वाचतो.

दुकानातून पक्की पावती घ्यावी, हे सारेच सांगतात; पण ती सहसा खिशात भिजून जाते. तिची जागा घरातील कागदांच्या पिशवीत आहे. बियाणे उगवले नाही तर तक्रार तिच्याच आधारावर होते. दुर्दैवाने मृत्यूच ओढवला, तर तिचे मोल आणखी वाढते. राज्य शासनाच्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा योजनेत अपघाती मृत्यूसाठी वारसांना दोन लाख रुपयांचे साहाय्य आहे. खातेदार शेतकऱ्याबरोबर कुटुंबातील आणखी एका व्यक्तीचाही त्यात अंतर्भाव होतो. मात्र आत्महत्या त्यातून वगळलेली आहे. विषाने मृत्यू आला की संशय तिकडेच वळतो. म्हणून फवारणी सुरू होती हे पोलीस पंचनाम्यात स्पष्ट नोंदले गेले पाहिजे, शवविच्छेदन टाळता कामा नये आणि अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे मुदतीत पोहोचला पाहिजे. शोकात बुडालेल्या घरात हे भान कोणी ठेवायचे? शेजाऱ्यांनी, भावकीने आणि गावातील जाणत्या कार्यकर्त्यांनी.

याच ठिकाणी सातबाऱ्याचा प्रश्न उभा राहतो. शेतातील निम्म्याहून अधिक राबणे जिचे, तिचे नाव बहुतेक उताऱ्यांवर नसते. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीचा विषय लावून धरला आणि १९९२ मध्ये शासनाने पतीच्या अर्जावरून पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून लावण्याची सोय केली. तीन दशके उलटली, तरी तलाठ्याकडे असा अर्ज घेऊन जाणारे पुरुष थोडेच. लक्ष्मीपूजन मात्र घरोघरी होते! २००५ च्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यात मुलीलाही वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच जन्मसिद्ध वाटा मिळाला. तिथेही हक्कसोडपत्रावर सही घेण्याची घाई अधिक दिसते.

नाव नसण्याची किंमत रोजच्या व्यवहारात मोजावी लागते. हमीभावाने कापूस विकायचा तर सातबारा आणि त्यावर कपाशीची पीकनोंद लागते, आणि पैसा खातेदाराच्या बँक खात्यात जमा होतो. नवरा कामासाठी परगावी गेलेला असेल, तर वेचणाऱ्या स्त्रीला खेडा खरेदीच्या व्यापाऱ्यापुढे उभे राहावे लागते. तो रोख देतो, पण भाव आणि काटा दोन्ही त्याचेच.

कापसाचा भाव वेचणीच्या पिशवीतही ठरतो. ओलावा आठ टक्क्यांच्या आत असेल तर पूर्ण हमीभाव. त्यापुढे भाव उतरतो आणि बारा टक्क्यांपुढे कापूस महामंडळ माल घेत नाही. म्हणून दव ओसरल्यावर वेचावे, एक-दोन उन्हे द्यावीत आणि कवडी कापूस वेगळा ठेवावा. प्लास्टिकच्या गोणीचे धागे रुईत मिसळले की गिरणीत त्या मालाची प्रत घसरते. वेचणीला सुती कापडाची ओटी आणि डोक्याला सुती फडके असावे. पहिल्या वेचणीचा कापूस शेवटच्या वेचणीत मिसळू नये; वजन घरून करून निघावे आणि तो आकडा तिने स्वतःच्या वहीत लिहावा.