झोपा आधी करावा

(जाफराबाद येथे प्रौढ साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



आपल्याकडे एक जुनी म्हण आहे. बैल गेला आणि झोपा केला. झोपा म्हणजे गोठ्याचे कुडाचे दार. बैल चोरीला गेल्यावर दार करून काय उपयोग? ही म्हण कास्तकाराला शिकवावी लागत नाही. तो पेरणीआधी बियाणे निवडतो. मृग लागण्याआधी छप्पर नीट करतो. पण स्वतःच्या जिवाची गोष्ट निघाली, की आपण बैल जायची वाट पाहत बसतो. आज मी त्याविषयीच चार शब्द सांगणार आहे.

कोणत्याही दुखण्याच्या किंवा अपघाताच्या तीन वेळा असतात. पहिली वेळ, काहीही घडण्याआधीची. दुसरी वेळ, दुखणे नुकते लागले, ते लवकर ओळखण्याची. तिसरी वेळ, सगळे घडून गेल्यावर जीव वाचवण्याची आणि निस्तरण्याची. पहिल्या वेळी जे काम करायचे, त्याला डॉक्टर लोक प्राथमिक प्रतिबंध म्हणतात. प्राथमिक म्हणजे प्राथमिक शाळेतला नव्हे बरं का. प्राथमिक म्हणजे पहिला. शब्द जड आहे, पण अर्थ सोपा आहे. झोपा आधी करणे, एवढाच.

शेजारच्या भोकरदन तालुक्यातील देहेड गावचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांचे नाव तुमच्यापैकी पुष्कळांनी ऐकले असेल. कोकणात महाडला राहून त्यांनी विंचवाच्या विषावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग करून दाखवला. पूर्वी कोकणात लाल विंचू चावला, की माणूस हाती लागेल याचा भरवसा नसे. त्यांच्या उपायाने कितीतरी जीव वाचले. २०२२ साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली. त्यांचे उपकार थोर आहेत. पण ते काम विंचू चावल्यानंतरचे आहे. विंचू चावण्याआधीचे काम कोणते? पायताण झटकून पायात घालणे. सरपणात हात घालण्याआधी ते काठीने हलवणे. रात्री रानात जाताना बॅटरी घेणे. हे काम ज्याचे त्याने करायचे आहे. त्याला पद्मश्री मिळत नाही, पण दवाखान्याची पायरीही चढावी लागत नाही.

आता एक मोठी गोष्ट सांगतो. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना नारू आठवतो का, विचारून पाहा. पायाला फोड यायचा. तो फुटला की त्यातून पांढऱ्या दोऱ्यासारखा किडा बाहेर यायचा. हातभर, कधी दोन हात लांब. तो काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा काढावा लागे. मध्येच तुटला तर पाय सुजे. ऐन पेरणीच्या दिवसांत धडधाकट माणूस बाजेवर पडे.

नारू होत असे पाण्यातून. पाण्यात अगदी बारीक किडे असतात. त्यांच्या पोटात नारूची पिल्ले असत. ते पाणी प्यायले, की सुमारे एक वर्षाने पायातून नारू निघे. मग तोच माणूस दुखरा पाय घेऊन बारवेच्या पायऱ्या उतरे आणि पाण्यात उभा राही. पाय पाण्यात पडला, की नारू हजारो पिल्ले त्या पाण्यात सोडी. ते पाणी सारे गाव पिई. असे चक्र पिढ्यान्‌पिढ्या चालले.

या रोगावर लस नव्हती. तो बरा करणारे औषधही नव्हते. तरी तो गेला! १९८४ साली भारतात नारूचे सुमारे ४०,००० रोगी होते. त्यांत आपला महाराष्ट्रही होता. सरकारने मोहीम उघडली. पाणी फडक्याने गाळून प्या, असे घरोघर सांगितले. पायऱ्यांच्या विहिरींचे काठ बांधून घेतले, म्हणजे कोणी पाण्यात उतरूच नये. गावोगाव हातपंप बसवले. पाण्यातले किडे मारणारे द्रव्य पाण्यात टाकले. १९९६ साली राजस्थानात शेवटचा रोगी सापडला. फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचा दाखला दिला. ज्या रोगावर औषधच नाही, तो रोग फडके, काठ आणि हातपंप यांनी घालवला. पहिल्या वेळेच्या कामात एवढी ताकद आहे.

यातली एक गोष्ट ध्यानात धरा. 'पायऱ्या उतरू नका' असे रोज सांगणे वेगळे, आणि उतरताच येणार नाही असा काठ बांधणे वेगळे. मी ज्या एका शाळेत होतो, तिच्या आवारात कठडा नसलेली विहीर होती. मधल्या सुटीत एक मास्तर तिथे उभा राहून पोरांवर ओरडत असे. पुढे गावकऱ्यांनी श्रमदानाने कमरेएवढा कठडा बांधला आणि वर जाळी टाकली. त्या दिवसापासून ओरडणे थांबले. मास्तर थकतो. त्याचे लक्ष कधी दुसरीकडे जाते. कठडा मात्र थकत नाही. म्हणून 'सावध राहा' हा उपाय शेवटचा समजावा. आधी कठडा बांधता येतो का, ते पाहावे.

हा हिशेब आता आपल्या कामाला लावून पाहू. आपला तालुका कापूस, सोयाबीन, मका पिकवणारा. फवारणीचा पंप पाठीवर घेतला नाही, असे घर विरळा. पंपात जे घालतो, त्याला आपण औषध म्हणतो. इथेच पहिली चूक होते. ते पिकाचे औषध आहे. माणसाला ते विष आहे. पोटात गेले तरच बाधते, असेही नाही. ते कातडीतून आत शिरते. श्वासातून शिरते. अंग घामाने भिजलेले असले, तर अधिक शिरते.

१९५८ साली केरळात काय झाले, ते ऐका. धान्याच्या मालाबरोबर एकाच जहाजातून पॅराथिऑन नावाच्या कीटकनाशकाचे डबे आले होते. ते गळले. विष गव्हाच्या पिठात उतरले. ते खाऊन शंभराहून अधिक माणसे मेली. त्यानंतर चौकशी झाली. १९६८ साली कीटकनाशकांचा कायदा झाला आणि १९७१ साली त्याचे नियम झाले.

कायदा झाला, पण काम पुरे झाले नाही. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेने दगावले. शेकडो लोकांना दवाखान्यात न्यावे लागले. त्या साली कापूस माणसाच्या डोक्याएवढा वाढला होता. फवारा तोंडावर येत होता. दोन-तीन औषधे एकत्र कालवली जात होती. उकाडा होता. अंगावर साधे कपडे होते. ही माणसे आपल्यासारखीच होती. आपले रानही तसेच, अन् पंपही तसाच.

मग कठडा कुठे बांधायचा? पायरी पायरीने पाहू.

पहिली पायरी. विष टाळता येते का, ते पाहावे. शेजाऱ्याने फवारले म्हणून आपण फवारू नये. रानात फिरून कीड किती आहे ते बघावे. कामगंध सापळे लावावे. निंबोळी अर्क वापरून पाहावा. कृषी खात्याच्या माणसाला विचारावे. जी फवारणी झालीच नाही, तिची बाधा कोणाला होत नाही. सरकारलाही ही पायरी चढता येते. ऑगस्ट २०१८ मध्ये केंद्र सरकारने १८ कीटकनाशकांवर बंदीचा हुकूम काढला. बारा ताबडतोब बंद झाली, आणि उरलेल्या सहांसाठी २०२० अखेरची मुदत ठरली.

दुसरी पायरी. फवारावेच लागले, तर त्यातल्या त्यात कमी विषारी निवडावे. ते कसे ओळखायचे, हे शेवटी सांगतो.

तिसरी पायरी. विष आणि अंग यांत अंतर ठेवावे. गळका पंप वापरू नये. औषध हाताने ढवळू नये, लांब काठी घ्यावी. तोटी तुंबली तर तोंडाने फुंकू नये. वाऱ्याच्या उलट दिशेने चालू नये. भर उन्हात फवारू नये. पीक डोक्यावर गेले असेल, तर आत शिरून फवारू नये. पत्रकात सांगितल्यावाचून दोन औषधे एकत्र करू नयेत.

चौथी पायरी अंगावरच्या कपड्यांची. लांब बाह्या, हातमोजे, चष्मा, तोंडावर चांगला मास्क, पायांत बूट. हे सारे हवेच. पण ही शेवटची पायरी आहे, पहिली नव्हे. तोंडाला रुमाल बांधून काम भागत नाही. रुमाल ओला झाला, की तोच विष नाकाशी धरून ठेवतो.

आता जरा स्पष्ट बोलतो. राग मानू नका. पंप ज्याच्या पाठीवर असतो, त्याच्या हातात पुष्कळदा काहीच नसते. डबा मालक आणतो. किती घालायचे, ते मालक ठरवतो. कोणत्या दिवशी फवारायचे, तेही मालकच ठरवतो. मग 'जपून फवार रे' एवढे म्हटले, की मालकाचे कर्तव्य संपले का? नाही संपत. ज्याच्या हाती ठरवणे आहे, त्याच्यावर कठडा बांधण्याची जबाबदारी आहे. तुमच्यापैकी जे मालक आहेत, त्यांनी रोजंदाराला हातमोजे आणि मास्क आपल्या पैशाने द्यावे. धुवायला साबण-पाणी रानात ठेवावे. जे रोजंदार आहेत, त्यांनी दोघा-चौघांनी मिळून कामाआधी विचारावे, 'मालक, डबा दाखवा. यावर काय लिहिले आहे?' एकट्याला विचारायला भीड वाटते. चौघांना वाटत नाही.

मळणी यंत्राचेही असेच आहे. हात आत ओढला गेला, की लोक म्हणतात, त्याचे लक्ष नव्हते. अहो, रात्री दोन वाजता, दिवसभर राबलेल्या माणसाचे लक्ष राहील तरी कसे? ज्या पत्र्याच्या पन्हाळीतून पेंढ्या आत सारतात, ती आखूड असली तर हात दात्यांपर्यंत पोचतो. भारतीय मानकाप्रमाणे ही पन्हाळ निदान ९० सेंटिमीटर, म्हणजे सुमारे तीन फूट लांब हवी. त्यातला आतल्या बाजूचा ४५ सेंटिमीटर, म्हणजे दीड फूट भाग वरून झाकलेला हवा. मग हात पोचतच नाही. अशा धोक्याच्या यंत्रांसाठी १९८३ साली केंद्राने कायदाही केला. यंत्र भाड्याने सांगण्याआधी फूटपट्टी घेऊन पन्हाळ मोजा. पट्ट्यावर झाकण आहे का, बघा. पदर, ओढणी, धोतराचा सोगा खोचून घ्या. पण आधी पन्हाळ, मग पदर.

रानातले काम घरातही येते. आपले गाव पूर्णा आणि खेळणा या नद्यांच्या संगमावर वसले आहे. पंप नदीत धुतला, तर खालच्या गावच्या घागरीत विष जाते. आपल्या वरच्या गावाने धुतला, तर आपल्या घागरीत येते. म्हणून पंप रानात, पाण्यापासून दूर धुवावा. फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नयेत. बायाबापड्यांनी ते नुसत्या हातांनी धुऊ नयेत. रिकामा डबा कितीही चांगला दिसला, तरी त्यात तेल, पाणी, दूध ठेवू नये. तो भोके पाडून निकामी करावा.

'या वयात अक्षरे शिकून काय मिळणार?' असे तुमच्यापैकी काही जण विचारतात. त्याचे उत्तर आता फळ्यावर लिहितो. तीन शब्द आहेत.

विष. धोका. सावधान.

प्रत्येक डब्यावर टोकावर उभा केलेला एक चौकोन असतो. त्याचा खालचा अर्धा भाग रंगीत त्रिकोणाचा असतो. त्रिकोण लाल असेल, तर ते अत्यंत विषारी. वर कवटी आणि 'विष' हा शब्द असतो. पिवळा असेल, तर फार विषारी. तिथेही 'विष' असेच लिहितात. निळा असेल, तर मध्यम विषारी. तिथे 'धोका' लिहितात. हिरवा असेल, तर त्यांतले कमी विषारी. तिथे 'सावधान' लिहितात. कमी विषारी म्हणजे निर्धोक नव्हे, हे विसरू नका. शब्द कधी हिंदीत असतात, कधी इंग्रजीत. रंग सगळीकडे तेच. डब्याबरोबर घडीचे पत्रक मिळते. त्यात बाधेची लक्षणे, प्रथमोपचार आणि उतारा दिलेला असतो. इतके करूनही कोणाला मळमळ, घाम, डोळ्यांपुढे अंधारी, तोंडाला लाळ असे झाले, तर काम थांबवावे. त्याला विषापासून दूर न्यावे, भिजलेले कपडे काढावे, अंग साबणाने धुवावे. मग लगेच दवाखान्यात न्यावे आणि पत्रक किंवा डब्यावरची चिठ्ठी बरोबर न्यावी. डॉक्टरला नेमके विष कळले, तर उतारा लवकर मिळतो.

आता घरचा अभ्यास. आज घरी गेल्यावर फवारणीचा डबा कोठे ठेवला आहे, ते पाहा. तो उघडू नका. पिठाच्या डब्याजवळ आहे का? चाऱ्यावर आहे का? पोरांचा हात पोचतो का? केरळातले पीठ आठवा. डबा तिथून हलवून कुलूप लागेल अशा जागी ठेवा. मग त्रिकोणाचा रंग आणि त्यावरचा शब्द पाटीवर लिहून उद्या वर्गात आणा. ज्याला शब्द लिहिता येणार नाही, त्याने रंग सांगावा. शब्द आपण वर्गात लिहू.