तिण्णैवरची मराठी

(हीरक महोत्सवी मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



मी शाळेविषयी बोलावे, अशी संयोजकांची अपेक्षा आहे. परंतु याच शाळेतून मी चौथीनंतर दाखला काढून गेले होते. ते जाणे सांगितल्याशिवाय माझे शाळेशी असलेले नाते मला सांगता येणार नाही.

1979 सालचा मे महिना. मुलुंडला दोन खोल्यांत आम्ही पाच माणसे राहत होतो. आजोबा वारले, आजी गावी एकटी पडली, आणि बाबांनी नोकरी सोडून शेती पाहण्याचे ठरविले. आमचे गाव कोकणातले नव्हे, घाटावरचेही नव्हे. ते तंजावर जिल्ह्यात, तिरुवैयारूजवळ, कावेरीकाठी. 1676च्या सुमारास व्यंकोजीराजांनी तंजावरला राज्य स्थापिले. त्यानंतर दक्षिणेत जी मराठी कुटुंबे स्थिरावली, त्यांपैकी आमचे एक. दादरहून मद्रास आणि एग्मोरहून मीटरगेज गाडीने तंजावर, असा तो प्रवास. आई वाटेत फारसे बोलली नाही.

मुलुंडला पहाटे पाचला नळ येई आणि तासाभरात जाई. इथे पाणी वर्षातून एकदा येई, आणि आले की सगळ्या गावात येई. मेट्टूर धरणाचे दरवाजे 12 जूनला उघडण्याची प्रथा. तेथून कल्लणै बंधाऱ्यापर्यंत आणि पुढे कालव्यांत पाणी यायला काही दिवस लागत. कोरड्या पात्रातून पाण्याची पहिली जीभ सरकत येताना पाहायला आम्ही मुले धावत जात असू. मग आडी महिन्याच्या अठराव्या दिवशी बायका नदीची पूजा करीत आणि काठावर बसून चित्रान्न खात. आईने पहिल्या वर्षी त्या पंगतीत बसायचे नाकारले. तिसऱ्या वर्षी चिंचेचा भात तिनेच केला. माझा धाकटा भाऊ तर महिनाभरात त्या गावचा झाला होता.

मी मात्र बालभारतीची पुस्तके ट्रंकेत घालून नेली होती आणि स्वतःला शुद्ध मराठीची राखणदार समजत होते. आजीची मराठी आमच्या पुस्तकातली नव्हती. तिला तमिळ वळण होते, हेल वेगळा होता, आणि तमिळ नामांना ती बिनदिक्कत मराठी प्रत्यय लावी. घरापुढच्या ओट्यावर बसून ती म्हणे, "तिण्णैवर बैस गं, वेयिल लागेल." मी तत्परतेने सांगे, "आजी, तिण्णै नव्हे, ओसरी. वेयिल नव्हे, ऊन." पाहुण्यांसमोरही सांगे. गावच्या शाळेत माझ्या तमिळ उच्चारांना वर्ग हसत असे. त्याचा वचपा मी घरी काढीत होते, हे आज कळते.

दिवाळीच्या सुमारास माझ्या लक्षात आले, की आजी बाबांशी मराठीत बोलते आणि माझ्याशी फक्त तमिळमध्ये. मला वाटले, माझे तमिळ सुधारले म्हणून.

पोंगलच्या सुट्टीत ती मला तंजावरला बृहदीश्वराच्या देवळात घेऊन गेली. तेथल्या भिंतीवर दुसऱ्या सरफोजीराजांनी 1803 साली कोरविलेला मराठी शिलालेख आहे, भोसले घराण्याचा इतिहास सांगणारा. आजीला देवनागरी वाचता येत नव्हती. ती मराठी तमिळ लिपीत लिहीत असे. तिने मला तमिळमध्येच "वाच" म्हटले. मी वाचू लागले. दोनदा अडखळले, तेव्हा पुढचा शब्द काय असावा ते तिनेच सांगितले. चार ओळींतच मी कंटाळले आणि बाहेर पडले. ती आणखी थोडा वेळ तिथेच उभी राहिली.

पदवीसाठी मी मुंबईला आत्याकडे परत आले. एम. ए. करताना वाचले, की सांगलीला 1843 साली विष्णुदास भाव्यांचे नाटक झाले, त्याच्या कितीतरी आधी तंजावरच्या शहाजीराजांनी मराठी नाटके लिहिली होती. हे मला गावात कोणी सांगितले नव्हते. बहुधा मी कोणाला विचारलेच नव्हते. आजीला पत्र लिहायचे ठरविले, पण कोणत्या लिपीत लिहावे याचा विचार करण्यात दिवस गेले आणि ती गेली.

पुढे मी या शाळेत शिक्षिका झाले. मालवणी, अहिराणी, आगरी बोलणारी मुले वर्गात असत. पालकहो, खरे सांगते, पहिली काही वर्षे माझी तांबडी शाई त्यांच्यावरही चालली. तुमच्यापैकी काहींच्या वह्यांत ती अजून असेल.

आजीची हिशेबाची वही माझ्याजवळ आहे. भाताची पोती, लोणच्याचे मीठ, मजुरी. मधूनच दांगर पच्चडीची कृती. सगळे मराठीत, तमिळ लिपीत. त्या लिपीत प आणि ब यांना एकच अक्षर, क आणि ग यांनाही एकच. आम्ही गावी गेलो त्या वर्षीच्या एका पानावर, बाजारहाटाच्या नोंदींखाली, तीनच शब्द आहेत. ते 'बोर गोड आहे' असे वाचता येतात. 'पोर गोड आहे' असेही वाचता येतात. वरच्या ओळीत कोथिंबीर आणि नारळ आहेत, त्यामुळे बोरच असावे, असे माझा भाऊ म्हणतो.