शहाण्याने कोर्टाची पायरी केव्हा चढावी?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत सेक्टर २, भिलाई येथे दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी अपघात आणि न्यायालय हा विषय आम्ही निवडला, याचे काहींना आश्चर्य वाटेल. पन्नास वर्षांत मंडळाने गणेशोत्सव केले, नाटके बसविली, हळदीकुंकवाच्या निमित्ताने नव्याने आलेल्या सुनांना माहेरपण दिले. परंतु परप्रांतातील मंडळाची खरी कसोटी उत्सवात लागत नाही. एखाद्या घरावर आकाश कोसळते त्या रात्री लागते.

भिलाई हे पोलादाचे नगर. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. पोलाद म्हटले की मालमोटारी आल्या. ग्रेट ईस्टर्न रोडवरून त्या अहोरात्र धावतात, आणि त्याच रस्त्याने आपली मुले दुचाकीवरून कामाला जातात. आपली माणसे लग्नकार्याला नागपूर, पुणे, मुंबई येथे जातात, तेथेही तोच धोका. २०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली, असे सरकारी अहवाल सांगतो. तेव्हा हा विषय कोणत्याही घराला परका नाही.

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण आपण वाडवडिलांकडून ऐकत आलो. बांधावरून भांडणाऱ्या भावांसाठी ती रास्त असेल. परंतु ट्रकखाली ज्या घरचा कर्ता गेला, त्या घरातील स्त्री कोणाशी भांडत नसते. ट्रकमालकाने तिऱ्हाइताच्या जिवासाठी विमा उतरविलाच पाहिजे, अशी कायद्याची सक्ती आहे. तो पैसा तिच्यासाठीच आहे. ती भीक नव्हे, उपकारही नव्हे. म्हणून हा विषय आम्ही क्रमाने मांडतो.

प्रथम माणूस वाचवावा. मोटार अपघातातील जखमींसाठी केंद्र सरकारने मे २०२५ मध्ये विनारोकड उपचारांची योजना लागू केली असून, नियुक्त रुग्णालयांत अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचा उपचार तीत होतो. जखमीला रुग्णालयात पोचविणाऱ्या परोपकारी माणसाला पोलिसांनी वा रुग्णालयाने अडकवून ठेवू नये, असे संरक्षण २०१९ च्या दुरुस्तीने दिले आहे. तेव्हा ‘पोलिसांचे लचांड नको’ म्हणून कोणी मागे सरू नये.

दुसरे काम कागदांचे. प्रथम खबरी अहवाल, पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, उपचारांची बिले, पगाराचा दाखला, वयाचा पुरावा आणि मुख्य म्हणजे ट्रकचा क्रमांक व त्याच्या विम्याचा तपशील. २०२२ च्या नियमांप्रमाणे पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत न्यायाधिकरणाकडे व विमा कंपनीकडे पाठवावयाचा असतो आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत. त्याची विचारणा करणे हा कुटुंबाचा हक्क आहे. मात्र दुःखाच्या पहिल्या आठवड्यात कोणत्याही कोऱ्या वा न वाचलेल्या कागदावर सही करू नये.

तिसरा प्रश्न: दावा कोठे लावावा? मुंबईत अपघात झाला, तर मुंबईत कोणाच्या घरी उतरावे, तारखेला कितीदा रजा घ्यावी, या धास्तीनेच अनेकजण दाव्याचा विचार सोडून देतात. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात मूळ नियम तसाच होता. जेथे अपघात, तेथेच अर्ज. १९९४ च्या दुरुस्तीने तो बदलला. कलम १६६ अन्वये अर्जदार जेथे राहतो तेथील मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातही अर्ज करता येतो. म्हणजे अपघात मुंबईत झाला तरी भिलाईच्या कुटुंबाला दावा दुर्गला लावता येतो, आणि अपिलाची वेळ आली तर बिलासपूरचे उच्च न्यायालय आहे. ही एक गोष्ट प्रत्येकाने ध्यानात ठेवली, तरी आमचे भाषण सार्थकी लागले. मुदतीविषयीही जागरूक असावे. १ एप्रिल २०२२ पासून अर्ज सहा महिन्यांच्या आत करावा, असा नियम आला. त्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे. परंतु त्या भरवशावर न राहता सहा महिन्यांतच अर्ज करणे शहाणपणाचे.

आता वकील कसा शोधावा? अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये वकिलांच्या जाहिरातींना वाट मोकळी केली. तेथे ट्रक-अपघाताचे वकील हमरस्त्यावरच्या फलकांवरून हाका मारतात आणि मिळणाऱ्या रकमेचा हिस्सा फी म्हणून घेतात. आपल्याकडे बार कौन्सिलच्या नियमांनी या दोन्ही गोष्टी वकिलाला निषिद्ध आहेत. म्हणून रुग्णालयाच्या व्हरांड्यात ‘खर्च आमचा, आलेल्या पैशांत वाटणी’ असे सांगत जो भेटतो, त्याला नम्रपणे वाट दाखवावी. अपघात-दाव्यांचे काम नित्य करणारा वकील पाहावा, फी लेखी ठरवावी, पावती घ्यावी आणि दाखल होणाऱ्या प्रत्येक कागदाची प्रत घरी ठेवावी.

फी परवडत नाही, तरी दार बंद नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. औद्योगिक कामगार हा शब्द या कामगारनगरीत तरी समजावून सांगावा लागू नये! दुर्गच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा; १५१०० हा दूरध्वनी क्रमांक देशभर त्यासाठीच आहे.

रकमेचा अंदाज घरच्यांना असलाच पाहिजे, कारण फसवणूक होते ती अज्ञानातून. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सरला वर्मा आणि २०१७ मध्ये प्रणय सेठी या खटल्यांत हिशेबाची रीत घालून दिली. समजा, कायम नोकरीतील ३८ वर्षांचा गृहस्थ, कर वजा जाता पगार महिना ३०,००० रुपये, मागे पत्नी, दोन मुले आणि आई. वर्षाचे झाले ३,६०,०००. पुढील बढतीपोटी निम्मे मिळविले की ५,४०,०००. त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा करता ४,०५,०००. त्या वयाचा गुणक १५. एकूण ६०,७५,००० रुपये. अंत्यविधी आदींची रक्कम वेगळी. आता कोणी दारात येऊन ‘पाच लाख घ्या आणि मिटवा’ म्हणाला, तर त्या माउलीला हा हिशेब ठाऊक असावा की नसावा?

‘भविष्यनिर्वाह निधी मिळाला, मुलाला अनुकंपेवर नोकरी लागली, मग भरपाई कसली?’ असेही ऐकू येते. आयुर्विमा व भविष्यनिर्वाह निधी भरपाईतून वजा होत नाहीत, असे हेलन रेबेलो खटल्यात १९९८ मध्ये ठरले; अनुकंपा नोकरीबाबतही २०१३ मध्ये तसाच निर्णय झाला. आणि घरची लक्ष्मी गेली, तर ‘ती कमावत कोठे होती?’ हा प्रश्नही न्यायालयाने गैर ठरविला. आपल्यासारख्याच एका पोलादनगरीत, जमशेदपूरला, १९८९ मध्ये भीषण आग लागली. तीतून उद्भवलेल्या लता वाधवा खटल्यात २००१ मध्ये गृहिणीच्या सेवेचे मोल महिना ३,००० रुपये धरले गेले. आज ते अधिक धरले जाते.

दोन इशारे देणे आवश्यक आहे. ट्रक न थांबता पळाला आणि क्रमांक मिळालाच नाही, तर मृत्यूसाठी दोन लाख व गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार रुपयांची योजना आहे. अर्ज उपविभागीय अधिकारी वा तहसीलदार यांच्याकडे करावा. दुसरा इशारा अधिक गंभीर. मे २०२४ मध्ये आपल्याच राज्यात, कबीरधाम जिल्ह्यात, तेंदूपत्ता तोडून परतणाऱ्या मजुरांची मालवाहू पिकअप दरीत कोसळून १९ जण दगावले, बहुतेक स्त्रिया. मालवाहू गाडीतून फुकट नेलेल्या प्रवाशांची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच ठरविले आहे. वऱ्हाड असो की सहल, ट्रकमध्ये माणसे बसवू नयेत; जीव जातो आणि त्यामागून हक्कही जातो.

लोकअदालतीत तडजोड झाली तर निवाडा लवकर होतो, पण त्यावर अपील नसते. म्हणून होकार देण्यापूर्वी वर सांगितलेला हिशेब एकदा मांडून पाहावा.

शेवटी मंडळाचे कर्तव्य. सभासदांतील दोघातिघांनी हे काम अंगावर घ्यावे: एकाने पोलीस ठाण्यात सोबत जावे, एकाने कागद जमवावेत, एकाने घरी बसून चहापाणी पाहावे. नागपूर वा पुण्याचा पंचनामा मराठीत असतो आणि दुर्गच्या न्यायालयाचे काम हिंदीत व इंग्रजीत चालते. ज्या मुलांना मराठी बोलता येते, पण वाचताना अडखळावे लागते, त्यांच्या हाती तो कागद पडला तर काय होईल? तेथे आपल्यातील एखाद्या निवृत्त शिक्षकाने केलेले स्वच्छ भाषांतर कुटुंबाची वर्षे वाचवील. मराठी जपण्याची एवढी निकडीची सेवा दुसरी नसेल.

गेलेला माणूस कोणतेही न्यायालय परत देत नाही. पण त्याची मुले शाळेत राहतात की नाही, एवढे त्या पायरीवर ठरू शकते. ती पायरी चढताना शेजारी आपले माणूस असावे, यासाठीच मंडळ असते, अशी आमची श्रद्धा आहे.