मोहोर थैलीची, मोहोर पाकिटाची



आज वळसंगला येताना अक्कलकोट रस्त्यावर चहाला थांबलो. वीस रुपये झाले. कोड स्कॅन केला, पिन टाकला, आणि गल्ल्याशेजारची डबी बोलली, ‘वीस रुपये मिळाले.’ हॉटेलवाल्याने मानही वर केली नाही, पुढचा चहा गाळायला घेतला. आजचं व्याख्यान त्या दोन-तीन सेकंदांचं आहे.

माझ्या फोनने पैसे हलवले नाहीत. त्याने दूरच्या संगणकाला हाक मारली: एवढं काम कर, झालं की सांग. याला रिमोट प्रोसीजर कॉल म्हणतात. बिरेल आणि नेल्सन यांनी 1984 साली ही रीत नीट मांडून दाखवली.

आता हाक थेट बँकेला का मारू नये? हिशेब करा. पन्नास बँकांनी एकमेकींशी थेट तारा जोडायच्या तर 1225 तारा लागतील. मध्ये एक नाका बसवला की पन्नास पुरतात. 2016 पासून चालणाऱ्या यूपीआयचा हा नाका नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन सांभाळते. संगणकवाले अशा नाक्याला गेटवे किंवा स्विच म्हणतात.

पण नाका आला की पेच आला. वाटेवर कुणी वाचू नये म्हणून प्रत्येक जोडणी टीएलएस नावाच्या सांकेतिक कुलपाने बंद केलेली असते. नाक्याला मात्र हाक कुणासाठी आहे हे वाचावंच लागतं, म्हणजे बंद केलेलं उघडावं लागतं.

टपालखात्याला हा पेच जुनाच. गावातून थैली मोहोर लावून निघते. वर्गवारीच्या कचेरीत मोहोर फुटते, पत्रं गावागावांच्या कप्प्यांत पडतात, नव्या थैलीला नवी मोहोर लागते. पत्ता सगळे वाचतात. पाकीट मात्र कुणी फोडत नाही. टीएलएस ही थैलीची मोहोर. ती नाक्यापर्यंतच राखते.

म्हणून पिनला वेगळं पाकीट असतं. पिन टाकायचा पडदा ॲपचा नसतो, कॉर्पोरेशनने दिलेल्या भागाचा असतो. तिथल्या तिथे पिनला कुलूप लागतं. ॲपला तो दिसत नाही, हॉटेलवाल्याच्या बँकेलाही नाही. इथे टपालाची उपमा थोडी तुटते: स्विचवर हे पाकीट उघडतं, पण माणसाच्या हातात नव्हे, बंदिस्त यंत्रात, आणि लगेच तुमच्या बँकेच्या कुलपाने पुन्हा बंद होतं.

तेव्हा ‘सगळं सुरक्षित आहे’ असं कुणी म्हटलं, तर विचारा: कुठपर्यंत? मोहोर कुठे फुटते, आणि आत पाकीट आहे का?

आणखी एक. पिनच्या पाकिटावर पत्ता नेहमी तुमच्याच बँकेचा असतो, आणि पैशाच्या व्यवहारात त्याचा अर्थ एकच: माझ्या खात्यातून पैसे काढा. हॉटेलवाल्याला वीस रुपये मिळाले तेव्हा त्याने पिन टाकला होता का? तो तर चहा गाळत होता. उद्या कुणी फोन करून म्हणालं, ‘बक्षीस लागलंय, घ्यायला पिन टाका,’ तर तो चहावाला आठवा आणि फोन ठेवून द्या.