शेवटची पंगत

(तरुण मुलींच्या दोन दिवसांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

'तरुण मुलींचा आहार' या विषयावर बोल, असं मला ताईंनी सांगितलं तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. मी काही आहारतज्ज्ञ नाही. मी तेवीस वर्षांची, एका पतसंस्थेत कामाला जाणारी मुलगी. घरात आजी, आई, बाबा, धाकटा भाऊ आणि मी. ताई म्हणाल्या, "तज्ज्ञ सगळ्यांना पत्रकं वाटून जातात. तुझ्या घरात काय झालं ते सांग." म्हणून उभी राहिले आहे.

गेल्या वर्षी आमच्या पतसंस्थेच्या वर्धापनदिनाला रक्तदान शिबिर होतं. मी मोठ्या उत्साहाने रांगेत उभी राहिले. रक्त द्यायला हिमोग्लोबिन निदान साडेबारा लागतं. माझं निघालं ८.९. तिथल्या बाईंनी मला बाजूला बसवलं आणि म्हणाल्या, "तू देऊ नकोस, तुलाच लागेल." माझ्यासोबत भाऊ आला होता. त्याचं निघालं १४.६. त्याने रक्त दिलं, बिस्किटं खाल्ली, प्रमाणपत्र घेतलं. आम्ही दोघं एकाच गाडीवरून घरी आलो.

रस्ताभर मी विचार करत होते. घर एक, चूल एक, आईच्या हातचं जेवण एक. मग त्याच्या अंगात रक्त आणि माझ्या अंगात नाही, हे कसं?

हा माझ्या एकटीच्या घरचा प्रश्न नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५७ टक्के बायकांत रक्तक्षय आढळला. त्याच वयाच्या पुरुषांत हे प्रमाण २५ टक्के. महाराष्ट्रात निम्म्याहून जास्त बायका रक्तक्षयी आहेत. म्हणजे या मांडवात आपण बसलो आहोत, त्यातल्या दर दोघींपैकी एक.

मी आधी काय चुकले

पहिला महिना मी मोबाइलवर बघून खाल्लं. ओट्स आणले, कसल्याशा परदेशी बिया आणल्या, रोज एक बीट किसून खाल्लं. बीट लाल असतं म्हणून रक्त वाढतं, अशी आपल्याकडे समजूत आहे. रंगाचा आणि लोहाचा काही संबंध नाही. बिटात लोह फार थोडं असतं. माझा पगार संपला आणि घरात भांडण झालं. बाबा म्हणाले, "आता आमचं अन्न गोड लागत नाही का?" आई काहीच बोलली नाही. तिने माझी भाकरी करायची थांबवली आणि ओट्सचा डबा माझ्यापुढे ठेवला. ते मला जास्त लागलं.

खरं म्हणजे आमच्या घरचं अन्न वाईट नव्हतंच. ज्वारी-बाजरीची भाकरी, शेपू, अंबाडी, राजगिरा, मटकीची उसळ, शेंगदाण्याचं कूट, गूळ. यात लोह आहे. लिंबू किंवा आवळा सोबत असला तर ते अंगी जास्त लागतं. लोखंडी कढईत आंबट भाजी केली तर त्यात आणखी भर पडते. ओट्सची काही गरज नव्हती.

मग अडलं कुठे? ताईंनी मला एक साधं काम दिलं. एक वही कर आणि आठवडाभर घरात कोणी, केव्हा, किती खाल्लं ते लिही. उपदेश करू नकोस, नुसतं लिही.

वहीत काय निघालं

सकाळी मी चहा-चपाती खाऊन पळत होते. जेवणासोबत चहा घेतला की अन्नातलं लोह शरीराला नीट घेता येत नाही. म्हणून राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत जेवणाआधी आणि नंतर निदान एक तास चहा-कॉफी टाळा असं सांगितलं आहे. मी दिवसातलं पहिलं खाणंच चहात बुडवत होते.

वरण पातळ. पाच माणसांत एक वाटी डाळ. खालचं घट्ट वरण बाबांना आणि भावाला, वरचं पाणी आम्हाला. कुणी ठरवून करत नव्हतं. आई पळी तळापर्यंत घालायची ती त्यांना वाढताना. ज्यांच्या घरी रविवारी मटण होतं त्या मैत्रिणी मला म्हणाल्या, "आमच्याकडे तेच. फोडी त्यांच्या ताटात, आमच्या ताटात रस्सा."

उपास मोजले. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी. माझे महिन्याला दहा उपास. दिवसभर साबुदाणा आणि चहा. साबुदाण्यात पिष्टाशिवाय जवळपास काही नाही. श्रद्धेबद्दल मी काही म्हणत नाही. माझ्या बाबांच्या गळ्यात माळ आहे, तेही एकादशी करतात. पण त्यांचे उपास महिन्याला दोन आणि माझे दहा. बाकीचे आठ चांगला नवरा मिळावा म्हणून. त्यात मावशीचं म्हणणं, "लग्न ठरेपर्यंत जरा बारीक राहा." म्हणजे नवरा मिळवण्यासाठी रक्त आटवायचं आणि मग त्याच अंगाने बाळंत व्हायचं.

आणखी एक आठवलं. अळिवाचे लाडू, डिंकाचे लाडू, खारीक-खोबरं आपल्या घरात केव्हा होतं? बाळंतिणीसाठी. आपल्या आज्यांना बाईच्या अंगाला काय लागतं ते पक्कं माहीत होतं. पण ते तिला मिळायचं ती आई झाल्यावर. पंधराव्या, अठराव्या, तेविसाव्या वर्षी दर महिन्याला अंगावरून रक्त जातं, तेव्हा नाही.

लोक म्हणतात, बायकांना खायला कमी लागतं. भाकऱ्या कमी लागत असतील. पण लोहाचं तसं नाही. २०२० च्या आपल्या देशातल्या शिफारशींप्रमाणे पुरुषाला दिवसाला १९ मिलिग्रॅम लोह लागतं आणि पाळी येणाऱ्या बाईला २९. जिच्या ताटात कमी पडतं तिलाच दीडपट लागतं.

माझं रक्त वाढलं, पण

मी ग्रामीण रुग्णालयातून लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. ८.९ वर नुसत्या पालेभाजीने भागत नाही, उपचार घ्यावेच लागतात. गोळीने शौचाला काळं होतं, त्याला घाबरून सोडू नका. मळमळलं तर जेवणानंतर घ्या, चहासोबत घेऊ नका. आठ उपास सोडले. सकाळचा चहा उशिरा घेऊ लागले. आईला सांगितलं, "मला घट्ट वरण वाढ, मोड आलेली मटकी जास्त दे." आईने दिलं. तीन महिन्यांनी माझं हिमोग्लोबिन ११.४ झालं. मी आनंदाने ताईंना सांगायला गेले.

ताईंनी विचारलं, "आणि आईचं?"

आईचं मी कधी तपासलंच नव्हतं. मी वही पुन्हा काढली. त्यात आईच्या नावापुढे जागोजागी मीच लिहिलं होतं, 'नंतर जेवली'. काय जेवली, ते नव्हतं. कारण मी बघितलंच नव्हतं. त्या रात्री मी ओट्यापाशी बसून राहिले. सगळ्यांचं झाल्यावर आईने सकाळची भाकरी घेतली, ठेचा घेतला, पातेल्यात पाणी घालून ते खळबळून घेतलं आणि तेच वरण म्हणून प्यायली. मटकी संपली होती. मी विचारलं तर म्हणाली, "मला भूकच नसते गं."

मैत्रिणींनो, डाळ रोज तेवढीच एक वाटी शिजत होती. मला घट्ट मिळायला लागलं ते बाबांच्या किंवा भावाच्या वाट्यातलं नव्हतं. ते आईच्या वाट्यातलं होतं. मी 'पौष्टिक' खात होते आणि माझी आई आणखी एक पायरी खाली गेली होती.

तिला तपासायला नेलं. ७.८. डॉक्टरांनी खोदून विचारलं तेव्हा कळलं की दोन वर्षं तिला पाळीत फार जात होतं. गर्भाशयात गाठ निघाली. तिच्यावर आता उपचार चालू आहेत. हे मुद्दाम सांगते, कारण रक्त कमी असण्याचं कारण दर वेळी ताटातच असतं असं नाही. जास्त रक्तस्राव, जंत, आपल्या विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेल, हेही असतं. 'नीट खात जा' म्हणून घरी पाठवलं तर परत जा आणि विचारा, कारण काय?

मग आम्ही काय बदललं

फार मोठं काही नाही. पण त्यासाठी घरात वर्षभर वाद झाले.

पहिलं, डाळ वाढवली. एका वाटीच्या दोन वाट्या, शिवाय रोज मूठभर हरभरे किंवा शेंगदाणे. महिन्याला साधारण चारशे रुपये जास्त लागले. बाबा म्हणाले, परवडत नाही. त्याच महिन्यात भावाच्या जिमसाठी प्रोटीनचा डबा आला होता, अडीच हजारांचा. मी तो डबा आणि वही दोन्ही त्यांच्यापुढे ठेवली. बाबा बराच वेळ वहीची पानं उलटत बसले. पुढच्या महिन्यात डबा आला नाही, डाळ आली. भाऊ आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. पण घट्ट वरण त्यालाही मिळतं आहे.

दुसरं, गरम भाकरी. हे सगळ्यात अवघड. ताटात तव्यावरची गरम भाकरी पडायची असेल तर एक बाई तव्यापुढे उभीच हवी. ती शेवटीच जेवणार. शेवटच्या पंगतीचं मूळ मला तिथे सापडलं. आता सगळ्या भाकऱ्या आधी होतात, फडक्यात गुंडाळून टोपलीत ठेवतो, भांडी मधे ठेवतो आणि पाचही जण एकदम बसतो. ज्याने त्याने आपल्या हाताने घ्यायचं. बाबांनी पंधरा दिवस 'वातड झाली' म्हणून तोंड वाकडं केलं. मग सवय झाली.

आजी म्हणायची, पुरुषांआधी बाई जेवली की घराची बरकत जाते. तिचं मन वळवलं असं मी म्हणणार नाही. तिला साखरेचा त्रास आहे, वेळेवर जेवावं लागतं, म्हणून तीही पंगतीत बसू लागली. एकदा जेवता जेवता म्हणाली, "मी या घरात आले तेव्हा सासू टोपलं उपडं करून ठेवायची. रिकामं आहे हे आम्हाला कळावं म्हणून." एवढंच बोलली आणि जेवत राहिली.

सगळं झालं असं समजू नका. पाहुणे आले की आई अजून मागे सरते. भाऊ रविवारी उसळ करतो, पण कढई घासत नाही. बाबांच्या माळेमुळे अंडं घरात येत नाही. तो वाद मी सध्या घरात काढलेला नाही. मी बाहेर खाते आणि बाबांना ते माहीत आहे.

आपण मिळून काय करायचं

हे सगळं मला जमलं त्याचं एक कारण, मी कमावते. दुसरं, माझ्या मागे तुम्ही आहात. जी मुलगी शिकते आहे, जी नुकती सासरी गेली आहे, तिने एकटीने 'मला घट्ट वरण हवं' म्हणायचं म्हणजे हावरट ठरायचं. म्हणून हे गटाने करायचं काम आहे.

तपासणी करताना मायलेकींनी जोडीने करावी. एकीचं वाढताना दुसरीचं घटत नाही ना, ते बघावं. वही ठेवा. बचत गटाच्या बैठकीत पैशांचा हिशोब होतो तसा ताटाचाही होऊ द्या. लोहाच्या गोळ्या सरकारी केंद्रात मोफत मिळायला हव्यात. संपल्या असं सांगितलं तर केव्हा येणार ते विचारा, आणि चारजणी मिळून विचारा.

रेशनचाही प्रश्न आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने घरातली १८ वर्षांवरची सर्वांत मोठी बाई कार्डावर कुटुंबप्रमुख झाली. आमच्या कार्डावर आजीचं नाव आहे. पण कायद्याने माणशी ५ किलो मिळतं ते धान्य, डाळ नाही. पोट भरेल, रक्त वाढणार नाही. डाळ आणि तेल रेशनवर हक्काने मिळावं, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे. आणि २०१५ पासून राज्यात बैलाच्या मांसावरही बंदी आली, तेव्हा ज्या घरांतलं स्वस्त आणि सकस अन्न गेलं त्या घरांतल्या मैत्रिणी इथे बसल्या आहेत. डाळ महाग, मांस बंद, मग त्यांनी काय खावं? 'समतोल आहार घ्या' म्हणणाऱ्यांनी याचंही उत्तर दिलं पाहिजे.

शेवटी एकच सांगते. गेल्या महिन्यात आईचं हिमोग्लोबिन ९.६ झालं. माझं बारा आहे. ती अजून माझ्या मागे आहे. तिचं बारा होईपर्यंत आमच्या घरातली वही बंद होणार नाही.

आज दुपारी इथे जेवायला बसू तेव्हा स्वयंपाक केलेल्या मावशींना आधी पंगतीत घेऊ या. वाढायचं काम आपण करू.