कलम 39 चा अर्ज करणार कोण?



  वकिलांसमोरच्या या अध्यक्षीय भाषणात नशेच्या खटल्यांचा आढावा घ्या, असं मला सांगितलं होतं. टिपणंही काढली होती. ती खिशातच राहू द्या. राजगुरुनगर आणि पिंपरीच्या कोर्टांत कोट झिजवताना मनात साठलेलं एकच सांगतो.

1985 च्या एनडीपीएस कायद्याचं कलम 27 आपल्या सर्वांना पाठ आहे. हेरॉइन, कोकेन घेतलं तर वर्षापर्यंत कैद, गांजासाठी सहा महिन्यांपर्यंत, नाहीतर दंड. त्याच कायद्यात कलम 39 आहे, ते मात्र कोणी उघडत नाही. सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात दोषी ठरलेला माणूस व्यसनी असेल, तर कोर्ट शिक्षा लगेच न सुनावता, त्याच्या संमतीने, त्याला सरकारी किंवा सरकारमान्य केंद्रात उपचाराला पाठवू शकतं. वर्षाच्या आत अहवाल द्यायचा. सुधारणा दिसली तर समज आणि तीन वर्षांपर्यंतचं बंधपत्र. नाही दिसली तर शिक्षा आहेच. कलम 64-अ याहून पुढे जातं. अशा गुन्ह्यातल्या व्यसनीने स्वतःहून उपचार घेतले तर त्याला खटल्यापासूनच संरक्षण मिळतं. उपचार अर्धवट सोडले, तर ते काढून घेता येतं.

सकाळच्या परिसंवादात दोन तट पडले. एक म्हणतो, कायदा ढिला पडला. दुसरा म्हणतो, आजार्‍याला कोर्टात आणताच कशाला? दोघांनाही एका पोराची गोष्ट ऐकवतो. चाकणला ठेकेदाराकडे कामाला, गाव मराठवाड्यात. रात्रपाळी करून दिवसा झोप लागेना, म्हणून खोलीतल्या सोबत्यांबरोबर गांजा ओढू लागला. पकडला गेला. त्याच्या वकिलाने सल्ला दिला, कबूल कर, दंड भर, दुपारच्या पाळीला जा. पोरगा गेलाही. पुढे ठेकेदार बदलला, नव्याने चारित्र्य पडताळणी झाली, जुनी शिक्षा समोर आली आणि गेटपास नाकारला. माझ्याकडे तो आला तेव्हा गुन्हा पुड्या विकल्याचा होता.

कडक शिक्षेवाल्यांनो, दंड भरून तो त्याच दिवशी सुटला होता. कलम 39 खाली तो वर्षभर कोर्टाच्या टांगत्या तलवारीखाली राहिला असता. यातलं कडक काय, तुम्हीच ठरवा.

आणि उपचारवाल्यांनो, आपल्या पट्ट्यात उपचार कोणाच्या वाट्याला आले तेही बघा. 2020 साली चाकणजवळ 20 किलो मेफेड्रोन सापडलं. 50 ग्रॅमला व्यापारी प्रमाण धरणार्‍या कायद्यात 20 किलो! त्या प्रकरणातला एक आरोपी महिनोन्महिने पुण्याच्या ससून रुग्णालयातल्या कैद्यांच्या वॉर्डात होता आणि ऑक्टोबर 2023 मध्ये तिथूनच पळाला. त्याला रुग्णालयाची खाट, आणि ओढणार्‍याला दंडाची पावती. हा तुमचा समतोल!

दारूचं सांगायलाच नको. पुणे-नाशिक रस्त्यावर पिऊन गाडी चालवणारा मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 खाली दंड भरतो, गाडी सोडवतो, पुन्हा पितो. 1958 च्या परिवीक्षा कायद्यातलं कलम 4 बंधपत्रात नशेपासून दूर राहण्याची अट घालू देतं. पण मागणार कोण? दंड झटपट होतो, आपली फीही झटपट मिळते. राग आला तरी चालेल.

केंद्रं कुठे आहेत, असं विचारलं जातं. येरवड्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र 1986 पासून आहे, चाकणहून तासाभरावर. तेवढ्याने भागणार नाही, कबूल. मान्यताप्राप्त केंद्रांची यादी प्रत्येक कोर्टाच्या फलकावर लागली पाहिजे. अर्जाचा एक नमुना छापावा, परिवीक्षा अधिकार्‍यांशी बोलणी करावीत. समिती वगैरे काय नेमायची ते कार्यकारिणी बघेल.

त्यासाठी थांबू मात्र नका. पुढचा सेवनाचा आरोपी समोर बसला की गुन्हा कबूल करायला सांगण्याआधी त्याला कलम 64-अ वाचून दाखवा, त्याला कळेल अशा भाषेत.