नेहमीची गोष्ट

मी निवृत्त लष्करी अधिकारी, राहतो महूला. सव्वीस जानेवारी आणि पंधरा ऑगस्ट जवळ आले की मला बोलावणी येतात आणि सगळ्यांना माझी एकच गोष्ट हवी असते. १९८६-८७ चा हिवाळा, द्रासच्या वरची चौकी, झोजिला बंद, रस्ता नाही, आणि बर्फाच्या लोटात गेलेला माझा एक जवान. आजही संयोजकांनी फोनवर तेच सांगितलं, "सर, ती गोष्ट हवीच."

सांगतो. पण आधी एका गायकाची गोष्ट ऐका.

माझी मुलगी बेंगळुरूला असते. तिच्यामुळे मला अमेरिकेतला एक गीतकार-गायक कळला, जस्टिन व्हर्नन. 'बॉन इव्हेर' या नावाने तो गाणी काढतो. जुना बँड फुटलेला, प्रेम मोडलेलं, अंगात आजारपण, अशा अवस्थेत २००६ च्या शेवटी तो विस्कॉन्सिनमध्ये वडिलांच्या शिकारीच्या लाकडी झोपडीत जाऊन राहिला. सगळीकडे बर्फ. तीनेक महिने एकटा. तिथे मोजक्या सामानावर त्याने गाणी ध्वनिमुद्रित केली. उंच, पातळ आवाजात गायचं, त्यावर पुन्हा स्वतःचाच आवाज चढवायचा, पुन्हा चढवायचा. एकटा माणूस, पण ऐकू येतो घोळका.

२००७ मध्ये त्याने तो अल्बम स्वतःच काढला, सुमारे ५०० प्रती. पुढच्या वर्षी एका छोट्या स्वतंत्र कंपनीने तो पुन्हा काढला आणि जगभर पोचला. मी तो ऐकला तेव्हा रात्रभर झोप आली नाही. केरोसीनवर जळणारी बुखारी, दाराशी साचलेला बर्फ, आणि दुसऱ्याचा आवाज ऐकू यावा म्हणून उगाच बोलत बसलेली माणसं. हा पोरगा माझ्या चौकीत राहून गेला आहे, असं वाटलं.

लोकांना गाणी आवडली, त्याहून ती झोपडी आवडली. जिथे तिथे झोपडीच. २०११ च्या दुसऱ्या अल्बममध्ये वाद्यं वाढली, २०१२ मध्ये ग्रॅमी मिळाली, आणि त्याच वर्षी त्याने बॉन इव्हेर बाजूला ठेवलं. नवा अल्बम आला तो थेट २०१६ मध्ये, '२२, अ मिलियन'. गाण्यांच्या नावांत आकडे आणि चिन्हं, आवाज चिरलेला, तुटलेला, यंत्रातून काढलेला.

मुलीने लावून दिला. मी दोन मिनिटांत बंद केला. म्हटलं, "बिघडला हा. आधी किती खरं गायचा!"

ती शांतपणे म्हणाली, "बाबा, एक सांगू? तुम्ही ती चौकीची गोष्ट सांगता ना, तेव्हा तुमचा आवाज नेमका एकाच जागी कापतो. दर वर्षी. त्याच शब्दावर."

मी चिडलो. दोन दिवस तिच्याशी धड बोललो नाही. चिडलो कारण ते खरं होतं. पहिल्यांदा आवाज कापला तेव्हा तो दुःखाने कापला होता. नंतर त्याला तिथे कापायची सवय लागली. टाळ्या कुठे येणार, डोळे कुठे पुसले जाणार, मला पाठ होतं.

मग तो अल्बम मी पुन्हा लावला. त्यात '७१५ – क्रीक्स' म्हणून एक गाणं आहे. ७१५ हा त्याच्या भागाचा टेलिफोनचा कोड. त्या गाण्यात एकही वाद्य नाही. फक्त त्याचा आवाज, त्याच्या ध्वनिमुद्रकाबरोबर तयार केलेल्या यंत्रणेतून गेलेला. तो गातो तेव्हाच त्या आवाजाचे अनेक आवाज होतात. म्हणजे झोपडीत जे तो थरावर थर चढवून करत होता, तेच. एकट्याचा घोळका. आवाज बदलला होता, माणूस तोच होता. झोपडीतला आवाज त्याला पुन्हा काढता आला नसता असं नाही. पण तो काढला असता तर तो माझ्यासारखा झाला असता, ठरल्या जागी कापणारा.

एप्रिल २०२५ मध्ये त्याचा 'सेबल, फेबल' आला. सुरुवातीची गाणी पुन्हा साधी, काळोखी. पुढची मात्र उजळ, प्रेमाची, चक्क ताल धरायला लावणारी. झोपडीवर जीव लावलेल्यांपैकी काहींना ती खपणार नाहीत. मला आवडली.

आता माझी गोष्ट. नवीन आवाजात.

तो जवान गढवालचा होता. माझी नक्कल करायचा. मी चालताना डावा खांदा जरा पाडतो, तसा खांदा पाडून तो लंगरमध्ये फिरायचा आणि सगळे हसून लोळायचे. एकदा मी मागून आलो. तो वळला, कडक सॅल्यूट ठोकला, पण खांदा पाडूनच. हे मी चाळीस वर्षांत कुठल्याही व्यासपीठावर सांगितलं नाही, कारण त्याने गोष्ट 'बिघडते'.

आणखी एक सांगितलं नाही. मी नेहमी म्हणतो, "बर्फ आला आणि त्याला घेऊन गेला." बर्फ आला हे खरं. पण खालच्या चौकीची टेलिफोनची तार तुटली होती, ती जोडायला त्या सकाळी तिघांना पाठवायचा निर्णय माझा होता. एक दिवस थांबता आलं असतं का? चौकशीत माझ्यावर ठपका आला नाही. मी मात्र ते वाक्य असं बेतलं, की त्यात मी कुठेच नाही.

या सव्वीस जानेवारीला एका शाळेत मी हे सगळं सांगितलं. खांदा पाडून चालून दाखवलं तेव्हा मुलं खूप हसली. तार जोडायची गोष्ट आली तेव्हा गप्प झाली. माझा आवाज कापला नाही. मध्येच अडकला, जिथे अडकेल असं मला वाटलं नव्हतं तिथे. टाळ्या कमी पडल्या. निघताना संयोजक म्हणाले, "सर, पुढच्या वेळी नेहमीची घ्या."

पुढच्या वेळी बोलावतील की नाही, माहीत नाही. पण मागच्या बाकावरची एक मुलगी दारापर्यंत आली आणि तिने विचारलं, "सर, त्याचं नाव काय होतं?"

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. मी तिला नाव सांगितलं.